एका रात्रीचा पाहुणा महाग का पडतो: कोकणातल्या होमस्टेचा खर्च आणि पाहुणचार, पहिल्यापासून

मालवण, तारकर्ली, देवबाग, वेंगुर्ला या पट्ट्यात आता घराघरात दोन-तीन रूम झाल्यात आणि रोज कोणीतरी विचारतं की ताई आम्ही पण चालू करतोय, रेट किती ठेवू. मी उलट विचारते, तुमचा एका मुक्कामाचा खर्च किती येतो? बहुतेकांकडे उत्तर नसतं. शेजारचा अडीच हजार घेतो म्हणून आपण बावीसशे, एवढाच हिशोब. मग मे महिन्यात घर भरलेलं असतं, हातात पैसे खेळतात, आणि ऑगस्टमध्ये बिलं भरायला सोनं गहाण टाकायची वेळ येते. हे मी आजूबाजूला बघितलंय आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण ही माणसं मेहनतीला कमी नसतात, फक्त हिशोब मांडलेला नसतो. म्हणून हा लेख सविस्तर लिहितेय, वही पेन घेऊन वाचा.

आधी वही: तीन रकाने

पहिला रकाना महिन्याचा पक्का खर्च. पाहुणा येवो न येवो जाणारच: कर्जाचा हप्ता, वायफाय, घरपट्टी, पंपाची आणि बाहेरच्या दिव्यांची वीज, कामवाल्या मावशींचा बांधलेला पगार, शिवाय वर्षाची रंगरंगोटी आणि दुरुस्ती बाराने भागून. हे शेवटचं लोक विसरतात.

दुसरा रकाना दर रात्रीचा खर्च. एसी, गीझर, पंखे, पाणी, नाश्ता, सकाळ-संध्याकाळचा चहा.

तिसरा रकाना दर मुक्कामाचा खर्च, म्हणजे पाहुणा बदलला की होणारा. चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल धुणं, रूम आणि बाथरूम घासणं, नवा साबण, कचरा. पाहुणा एक रात्र राहिला काय आणि तीन रात्री राहिला काय, हा एकदाच होतो. सगळी गोम इथे आहे.

एक उदाहरण मांडून दाखवते, आकडे तुमचे तुम्ही घाला. तीन रूम, रेट २,५०० नाश्त्यासकट. पक्का खर्च महिन्याला १५,००० धरू आणि महिन्याला सरासरी ३० रात्री विकल्या जातात असं धरू, म्हणजे दर रात्रीच्या वाट्याला ५००. वीज १८०, दोघांचा नाश्ता-चहा १५०. पाहुणा बदलण्याचा खर्च ३५०. ॲपवरून बुकिंग आलं तर कमिशन १८ टक्के धरू, म्हणजे ४५०.

ॲपवरून एक रात्र: २,५०० मधून ४५०, ३५०, १८०, १५० आणि ५०० गेले, उरले ८७०.
ॲपवरून दोन रात्री: ५,००० मधून ९००, ३५०, ३६०, ३०० आणि १,००० गेले, उरले २,०९०. म्हणजे रात्रीला १,०४५.
थेट फोनवरून दोन रात्री, वर १० टक्के सूट देऊन: ४,५०० मधून ३५०, ३६०, ३०० आणि १,००० गेले, उरले २,४९०. रात्रीला १,२४५.

बघा, सूट देऊन पण जास्त उरले. आणि यात तुमचे स्वतःचे कष्ट धरलेच नाहीत, एक रात्रवाल्याच्या मागे सकाळी अकराला निघाला आणि दुसरा दुपारी एकला दारात अशी जी धावपळ होते तिचा हिशोब वेगळाच. त्यामुळे माझं म्हणणं एवढंच आहे की खर्च कमी करायचा सगळ्यात मोठा मार्ग म्हणजे पाहुण्याला दुसरी रात्र राहावंसं वाटणं आणि पुढच्या वेळी त्याने थेट फोन करणं. बल्ब बदलून, साबण छोटा करून जे वाचतं ते याच्यापुढे किरकोळ आहे. पाहुणचार हा खर्चाचा भाग नाहीये, तोच खर्च आटोक्यात ठेवतो.

कागदपत्रं आधी उरकून घ्या

यात लांबण लावत नाही. राज्याच्या पर्यटन संचालनालयाकडे निवास व न्याहारी योजनेत नोंदणी करा, ग्रामपंचायतीचा किंवा नगरपरिषदेचा ना हरकत दाखला घ्या. जेवण देणार असाल तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षेची, नोंदणी करा, छोट्या व्यवसायाला ती ऑनलाइन होते. महावितरणच्या ऑफिसात पर्यटनाचं नोंदणीपत्र घेऊन जा आणि तुमच्या मीटरला कुठला दर लागेल ते लेखी घ्या, कारण वर्षभराच्या बिलात याने मोठा फरक पडतो. गॅसचं पण लक्षात ठेवा, १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर घरच्या स्वयंपाकालाच, पाहुण्यांच्या जेवणासाठी १९ किलोचा कमर्शियल घ्यायचा.

प्रत्येक पाहुण्याचं ओळखपत्र आणि रजिस्टरमधली नोंद हवीच. परदेशी पाहुणा आला तर, मग तो इथलाच मूळचा आणि आता अमेरिकेचा नागरिक झालेला असला तरी, २४ तासांच्या आत त्याच्या माहितीचा ऑनलाइन फॉर्म (लोक त्याला सी-फॉर्म म्हणतात) भरावा लागतो. इथे खूप जण गाफील राहतात, की आपलाच तर आहे, कुडाळचा.

टॅक्सचं थोडक्यात: वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर आपल्याला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, पण ॲपवरून आलेल्या बुकिंगवर ॲपवाले स्वतः पाहुण्याकडून जीएसटी घेऊन भरतात. ७,५०० रुपयांपर्यंतच्या रूमवर २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झालाय, आधी १२ होता. ॲपवाले टीडीएस, म्हणजे आपल्या पैशातून आधीच कापला जाणारा आयकर, पण कापतात, १ ऑक्टोबर २०२४ पासून तो ०.१ टक्का आहे, मात्र पॅन दिलेला नसेल तर कापणी ५ टक्क्यांनी होते, त्यामुळे पॅन पहिल्याच दिवशी टाका. आणि घरातल्या बाईच्या नावावर व्यवसाय असेल तर राज्याचं २०२३ चं आई पर्यटन धोरण बघा, १५ लाखांपर्यंतच्या कर्जाचं व्याज ठराविक मर्यादेत परत मिळतं. आमच्याकडे सगळं काम बायकाच करतात आणि कागदावर नाव मात्र दुसऱ्याचं, ते बदलायला हे चांगलं निमित्त आहे.

वीज आणि पाणी

दीड टनाचा साधा एसी कॉम्प्रेसर चालू असताना तासाला साधारण दीड युनिट खातो. मे महिन्यात पाहुणा किल्ल्यावर जातो, स्कूबा करून येतो, आणि एसी रूममध्ये चालूच. यावर भांडू नका, दारावर इंग्रजी सूचना चिकटवू नका. दाराशी चावीचं किंवा कार्डाचं स्विच बसवून घ्या, चावी काढली की एसी-गीझर बंद, फक्त चार्जिंगचा एक पॉइंट चालू राहू द्या. कोणाला काही बोलावं लागत नाही. नवीन एसी घेताना इन्व्हर्टर एसीच घ्या. आणि कॉइलला गंजरोधक कोटिंग आहे का बघा, कारण समुद्रापासून जवळ असाल तर खारा वारा बाहेरचं युनिट दोन-चार वर्षांत खाऊन टाकतो. महिन्यातून एकदा मेन स्विच बंद करून ते युनिट साध्या गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवा. पाच मिनिटांचं काम आहे पण एसीचं आयुष्य वाढतं. बिजागऱ्या, कड्या, टॉवेलचे दांडे पण स्टेनलेस स्टीलचे किंवा पितळेचेच लावा, स्वस्तातले लोखंडी पहिल्याच पावसाळ्यात लाल होतात आणि पांढऱ्या टॉवेलवर गंजाचा डाग पडला की तो टॉवेल पुसायच्या फडक्यात जमा.

१५ लिटर पाणी नळाच्या तापमानापासून ३५ अंशांनी तापवायला गीझरला साधारण ०.६ युनिट लागतं, म्हणजे आंघोळीचा खर्च खरं तर फार नाही, तो तासन् तास चालू ठेवला की वाढतो. तीन-चार रूम असतील तर सोलर वॉटर हीटर लावा. छतावर जागा असेल आणि मीटर घरगुती असेल तर पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, त्याचा विचार जरूर करा.

पाण्याचं म्हणाल तर किनाऱ्याजवळच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात, नेमक्या सीझनला. पिण्याचं पाणी वेगळं ठेवा, आणि बिसलेरीच्या बाटल्या देण्यापेक्षा फिल्टरचं पाणी काचेच्या बाटलीत किंवा स्टीलच्या तांब्यात द्या. पैसे वाचतात, प्लॅस्टिकचा ढीग होत नाही आणि मुंबई-पुण्याच्या माणसाला ते आवडतं सुद्धा. टँकर लागणारच असेल तर एप्रिलमध्येच टँकरवाल्याशी बोलून ठेवा, ऐन वेळी फोन केलात तर तो सांगेल तो भाव.

चादरी, टॉवेल, मावशी

प्रत्येक बेडला तीन जोड हवेत. एक बेडवर, एक धुण्यात, एक कपाटात. पावसाळ्यात चार असले तरी चालतील कारण झड लागली की चार-चार दिवस काही वाळत नाही. रंग पांढरा किंवा अगदी फिका घ्या, डाग दिसतो म्हणून धुतला जातो, आणि गडद चादर बघून पाहुण्याला उगाच शंका येते. बेडशीट सुतीच, पॉलिस्टरवर घाम येतो. मॅट्रेसवर वॉटरप्रूफ प्रोटेक्टर घाला, लहान मुलं असतात, नारळपाणी सांडतं, तेल लावलेलं डोकं उशीवर टेकतं. समुद्रावरून आल्यावर पाय धुवायला बाहेरच नळ, काथ्याचं पायपुसणं आणि वाळूचे कपडे धुवायला एक बादली ठेवा. गुलाबी किंवा निळे जाड जुने टॉवेल बीचसाठी वेगळे द्या. याने रूममधले चांगले टॉवेल वाचतात आणि लादी पण, वाळू आत आली की ड्रेनेज तुंबतं आणि प्लंबर तुमच्याकडून सीझनचा रेट घेतो.

मावशींचा पगार हा खर्च कमी करायची जागा नाही. ठाम सांगते. रूम किती स्वच्छ आहे हे त्यांच्या हातात आहे, आणि अस्वच्छ बाथरूमचा एक रिव्ह्यू तुमचा आख्खा डिसेंबर खातो. बांधलेला पगार द्या, त्यावर रूममागे पैसे द्या, गणपतीला बोनस द्या. पाहुण्यांनी ठेवलेली टिप त्यांची. पावसाळ्यात रूम रिकाम्या असल्या तरी पगार पूर्ण बंद करू नका, नाहीतर ऑक्टोबरला त्या दुसरीकडे गेलेल्या असतील आणि नवीन बाईला शिकवण्यात दिवाळी निघून जाईल.

जेवण: इथेच कमाई आणि इथेच गळती

कोकणात माणूस मासे खायला येतो हे उघड आहे. पण मासळी म्हणजे रोज बदलणारा भाव. शनिवार-रविवारी चढतो, मे महिन्यात चढतो, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते तेव्हा तर काय मिळेल त्यावर. त्यामुळे छापील मेनूवर सुरमई थाळीचा एकच भाव लिहून वर्षभर चालवायचा प्रयत्न करू नका. पण म्हणून नुसतं बाजारभावाप्रमाणे असं लिहून जेवणानंतर बिल पुढे करणं पण वाईट, पाहुण्याला फसल्यासारखं वाटतं. पद्धत अशी ठेवा: आदल्या संध्याकाळी विचारायचं उद्या काय खाणार, आणि सकाळी मासळी घेतली की लगेच भावासकट व्हॉट्सॲप करायचं, आज सुरमई थाळी इतकी, बांगडा थाळी इतकी, शाकाहारी इतकी. हो आलं की मगच चुलीवर.

विचारताना सगळं विचारा. शाकाहारी किती, तिखट किती चालतं, लहान मुलांना काय, कोणाला तिसऱ्या (शिंपल्या) किंवा कोळंबीची ॲलर्जी आहे का, आणि सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी कोण पाळतं. चारचाकीतून सहा जण उतरतात आणि ताटावर बसल्यावर कळतं की आजींना संकष्टी आहे. आधी माहीत असेल तर साबुदाणा भिजवलेला असतो आणि चंद्रोदयाची वेळ पण सांगता येते, त्या आजी तुमचं नाव दहा घरांत सांगतात.

मालवणच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव चालतो तिथे स्वतः जा, निदान सुरुवातीला. बोटी लागल्या की टोपल्या वाळूवर उतरतात, भोवती कोंडाळं होतं आणि बोली भराभर चढते, नवख्या माणसाला काही कळायच्या आत माल उचललेला असतो. तिथे थेट बोली लावण्यापेक्षा एखाद्या मासे विकणाऱ्या काकींशी कायमचं नातं जोडा. त्यांना तुमचा अंदाज सांगा, त्या तुमच्यासाठी बाजूला काढतील आणि ताजं नसेल तर स्वतःच सांगतील की आज नको नेऊ. कल्ले लाल हवेत, डोळा चमकदार आणि बोटाने दाबल्यावर मांस परत वर यायला हवं, एवढं बघायला शिका. पाहुण्यांपैकी कोणाला हौस असेल तर सोबत न्या, त्यांच्यासाठी तो सहलीतला सगळ्यात चांगला तास ठरतो आणि तुम्हाला त्याचा एक रुपया खर्च नाही.

थाळीचा भाव ठरवताना मी एक नियम धरते: कच्च्या मालाचा खर्च थाळीच्या किमतीच्या ४० टक्क्यांवर जाऊ द्यायचा नाही. सुरमई महागली तर तुकडा लहान करू नका, त्या दिवशी बांगडा पुढे करा. तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं नीट केलं तर माणूस सुरमई विसरतो. ताटात भात, सोलकढी, भाकरी भरपूर वाढा, ते स्वस्त पडतं आणि पोट भरल्याचं समाधान देतं. वाया काय जातं ते मात्र आठवडाभर लिहून बघा, बहुतेक घरात भात आणि चपात्या जातात.

नाश्त्याला ब्रेड-बटर-ऑम्लेट देऊ नका हो! ते त्यांना रोज घरी मिळतं आणि तुम्हाला महाग पडतं. आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ, घावणे आणि चटणी, एखाद्या दिवशी उकड्या तांदळाची पेज आणि लोणचं, सणासुदीला खापरोळी किंवा शिरवाळे, म्हणजे नारळाच्या गोड रसातल्या तांदळाच्या शेवया. तांदूळ आणि नारळ घरचे असतात. आणि इथेच माझी एक युक्ती आहे, पहिल्या दिवशी नाश्ता वाढतानाच सांगायचं की उद्या सकाळी शिरवाळे करायचा विचार आहे. एकच रात्र काढायला आलेले कितीतरी लोक तिथे बसल्या बसल्या एकमेकांकडे बघून विचारतात, अजून एक दिवस रूम आहे का.

पाहुणा यायच्या आधी आणि आल्यावर

बुकिंग झालं की त्याच दिवशी एक मेसेज जायला हवा: मिळालेला ॲडव्हान्स, चेक-इन चेक-आउटची वेळ, रद्द केलं तर किती परत, मुलांचा आणि जास्तीच्या गादीचा चार्ज. नंतर तोंडी सांगितलेलं कोणाला आठवत नाही. आदल्या दिवशी दुसरा मेसेज, रस्त्याचा. गुगल मॅप आमच्या वाड्यांमध्ये भलत्याच पाणंदीत घुसवतो, म्हणून शेवटच्या दोन वळणांचे फोटो पाठवा. रेल्वेने येणाऱ्यांना सांगा की मालवणला स्टेशन नाही, कुडाळला उतरा, आणि ओळखीच्या रिक्षावाल्या दादांचा नंबर आणि ठरलेलं भाडं आधीच द्या. पाहुणचार तिथून सुरू होतो, तुमच्या दारातून नाही.

आल्यावर पहिलं कोकम सरबत, मग ओळखपत्र. मुंबईहून रात्रभर गाडी चालवून आलेल्या माणसापुढे रजिस्टर सरकवू नका. रूम दाखवताना गरम पाण्याचा नळ, पंख्याचं बटण, वायफायचा पासवर्ड, लाइट गेली तर इन्व्हर्टरवर काय चालतं हे दाखवा, कारण पावसाळ्यात लाइट जाणारच आणि आधी सांगितलेलं असलं की कोणी चिडत नाही. मग त्यांना एकटं सोडा. दर तासाला काय हवं नको विचारणं हा पाहुणचार नसून त्रास आहे.

नियम कमी पण स्पष्ट ठेवा. दारूचं काय, बाहेरचं जेवण चालेल का, रात्री दहानंतर स्पीकर बंद, भरतीच्या वेळी आणि पावसाळ्यात समुद्रात उतरायचं नाही. हा शेवटचा नियम मराठीत-हिंदीत तोंडाने सांगा, डोळ्यात बघून सांगा. पाहुणे ऐकत नाहीत, वाईट वाटेल म्हणून आपण गप्प बसायचं नाही, दरवर्षी या किनाऱ्यावर लोक बुडतात.

तक्रार आली तर आधी जा, मग बोला. एसी गार होत नाही म्हटलं की दहा मिनिटांत रूमपाशी हजर. दुरुस्त होत नसेल तर दुसरी रूम, तीही नसेल तर पाहुण्याने मागायच्या आत स्वतःहून पैसे कमी करा. तीन-चारशे रुपये जातील. वाईट रिव्ह्यू आलाच तर रागाच्या भरात उत्तर देऊ नका, दुसऱ्या दिवशी चार ओळींत काय झालं आणि आता काय बदललं ते लिहा.

ॲपवरून थेट फोनवर

ॲपवाल्यांना शिव्या घालण्यात अर्थ नाही, नवीन माणूस तिथूनच येतो आणि १५ ते २५ टक्के कमिशन ही त्या ओळखीची किंमत आहे. पण तीच किंमत त्याच माणसासाठी दर वर्षी मोजायची नसते. निघताना एक साधं कार्ड द्या, घराचं नाव आणि नंबर, आणि सांगा की पुढच्या वेळी थेट फोन करा, दोन रात्रींना सूट देऊ. ॲपवर चालू असलेलं बुकिंग रद्द करायला लावून रोख घेणं मात्र करू नका, लिस्टिंग बंद होऊ शकतं आणि पाहुण्याचा पण विश्वास जातो. दिवाळी, नाताळ, मेचे शनिवार-रविवार, आंगणेवाडीची जत्रा या तारखांना ॲपवर किमान दोन रात्रींची अट टाका. आणि सगळी कॅलेंडर रोज रात्री जुळवा, डबल बुकिंगसारखी नामुष्की नाही.

पावसाळा

मे अखेरीला सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी वाहतूक आणि वॉटर स्पोर्ट्स बंद होतात, ते ऑगस्ट अखेरपर्यंत. तोवर सीझनच्या प्रत्येक बुकिंगमधले १० टक्के वेगळ्या खात्यात टाकलेले असले पाहिजेत, जून ते सप्टेंबरचा पक्का खर्च त्यातून जातो. रिकाम्या रूम बंद करून ठेवू नका, चिऱ्याच्या भिंती ओल धरतात आणि गाद्यांना बुरशी येते. एक दिवसाआड तासभर पंखा किंवा एसी ड्राय मोडवर चालवा, गाद्या भिंतीला उभ्या टेकवा, कपाटांची दारं उघडी ठेवा. पाहुणे पण येतात पावसात, पण वेगळे. लॅपटॉप घेऊन आठवडाभर राहणारे, लिहिणारे, नुसते पाऊस बघायला आलेले. त्यांना आठवड्याचा रेट द्या, चादरी तीन दिवसांनी बदला, जेवणाला घरात शिजेल तेच. वरचा हिशोब लावून बघा, रात्रीचा रेट निम्म्यावर आणला तरी सात रात्रींत पाहुणा बदलायचा खर्च एकदाच आणि कमिशन शून्य.

गणपतीचे दिवस मात्र वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर बंद करा, निदान पहिले पाच. मुंबईचे काका-काकू, आत्या, त्यांची मुलं सगळी त्याच रूममध्ये राहणार आहेत, आणि त्यांच्याकडून पैसे घ्यायचे नसतात.